आतड्यातील तिसरा तट

गोष्ट १९५४ सालची आहे. अमेरिकेत शिकागो येथे मार्जोरी बोनहॉफ, फिलिप मिलर आणि त्यांचे सहकारी उंदरांवर एक प्रयोग करीत होते. उंदरांना तोंडावाटे साल्मोनेला नावाचे रोगजंतू द्यायचे आणि लागण होण्यासाठी किती जंतू पुरतात ते मोजायचे, असा हा प्रयोग. निम्म्या उंदरांना लागण व्हायला प्रत्येकी सुमारे एक लाख जंतू लागले. मग संशोधकांनी दुसऱ्या काही उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची एक मात्रा पाजली आणि त्यानंतर जंतू दिले. आता किती जंतू लागले असतील? दहांपेक्षाही कमी!

मित्रांनो, हा आकडा पुन्हा एकदा वाचा. स्ट्रेप्टोमायसिन हे जंतू मारणारे औषध. ते दिल्यावर उंदीर अधिक सुरक्षित व्हायला हवे होते. झाले उलटेच. प्रयोगातील साल्मोनेला स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या प्रकारचे होते, म्हणून ते औषधाने मेले नाहीत हे खरे. पण औषधाने त्यांचे बळ काही वाढलेले नव्हते. मग एक लाखांचे काम दहा जणांना कसे जमले?

याचे उत्तर असे की, औषधाने दुसरेच कोणीतरी मारले गेले होते; आणि तेच उंदराच्या आतड्याची राखण करीत होते.

हे राखणदार कोण, ते राखण कशी करतात आणि ते नाहीसे झाले तर काय होते, हे आज आपण पाहणार आहोत. निरोगी माणसाच्या दृष्टीने ही माहिती केवळ मनोरंजक ठरेल. परंतु रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आणि ज्यांच्यावर मूलपेशी-रोपण झाले आहे असे रुग्ण यांच्यासाठी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

पोटातील वस्ती

आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे दोन्ही संख्या जवळजवळ सारख्याच आहेत. जुन्या पुस्तकांत जीवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात असे लिहिलेले आढळेल. तो हिशोब आता मागे पडला आहे. या सगळ्या जीवाणूंचे वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम भरते.

या वस्तीत शेकडो जाती असतात. त्यांतील बहुसंख्य जीवाणू ऑक्सिजन असेल तेथे जगूच शकत नाहीत. त्यांना आपण विनॉक्सी जीवाणू म्हणतो. हे शांत रहिवासी चार प्रकारे आतड्याचे रक्षण करतात.

पहिला प्रकार अगदी साधा आहे. ते जागा अडवतात आणि अन्न संपवतात. नव्याने आलेल्या जंतूला बसायला जागा नाही आणि खायला दाणा नाही, अशी स्थिती होते.

दुसरा प्रकार म्हणजे ते आम्ले आणि इतर मारक द्रव्ये तयार करतात. ती परक्या जंतूंना सोसत नाहीत.

तिसरा प्रकार पित्ताशी संबंधित आहे. चरबीच्या पचनासाठी यकृत पित्ताम्ले तयार करते. आतड्यातील काही जीवाणू या पित्ताम्लांचे रूप बदलतात. अशी रूप बदललेली पित्ताम्ले काही रोगजंतूंची वाढ रोखतात. याचे एक महत्त्वाचे उदाहरण पुढे येईल.

चौथा प्रकार फार चतुराईचा आहे. आपण खाल्लेला भाजीपाला, डाळी आणि धान्याचा कोंडा यांतील तंतू आपल्याला पचत नाहीत. ते विनॉक्सी जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे द्रव्य तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी हे ब्युटिरेट इंधन म्हणून वापरतात आणि ते जाळताना ऑक्सिजन खर्च करतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन झिरपत नाही. परिणामी विनॉक्सी जीवाणू सुखाने राहतात आणि ऑक्सिजनवर जोमाने वाढणारे एश्चेरिशिया कोलाय किंवा क्लेबसिएला यांच्यासारखे जीवाणू मूठभरच राहतात. जीवाणू आपल्या पेशींना खाऊ घालतात आणि पेशी जीवाणूंना हवे तसे घर राखून देतात!

नेदरलँड्समधील डर्क व्हान डर वाय या शास्त्रज्ञाने १९७१ साली या सर्व प्रकाराला 'वसाहतीस प्रतिरोध' अशा अर्थाचे नाव दिले. परक्याला वसाहत करू न देणे हा त्याचा अर्थ.

घरी करून पाहा

याच तत्त्वाचा एक प्रयोग तुमच्या घरी रोज चालतो. दोन स्वच्छ वाट्या घ्या. उकळून कोमट केलेले दूध दोन्हींत सारखे घाला. एका वाटीत चमचाभर विरजण घाला, दुसरीत काही घालू नका. दोन्ही वाट्या झाकून एके ठिकाणी ठेवा आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी पाहा. विरजण घातलेल्या दुधाचे दही होईल. ते आंबट होत जाईल, पण लवकर सडणार नाही. दुसऱ्या वाटीतील दूध मात्र नासेल आणि त्याला घाण वास येऊ लागेल.

हवेतून आणि भांड्यातून आलेले जंतू दोन्ही वाट्यांत होते. पण पहिल्या वाटीत विरजणातील जीवाणूंनी आधीच ठाण मांडले, दुधातील साखर खाल्ली आणि लॅक्टिक आम्ल तयार केले. बाकीच्यांना वाव उरला नाही. दुसरी वाटी मोकळी राहिली. जो प्रथम आला त्याची ती झाली. नासलेले दूध चाखू मात्र नका, टाकून द्या आणि हात साबणाने धुवा.

गडाचे तीन तट

आता हे सर्व एका चित्रात बसवू. आपले रक्त म्हणजे गडाचा बालेकिल्ला समजा. आतड्यातील जंतू बालेकिल्ल्यात शिरू नयेत म्हणून तीन तट आहेत.

पहिला तट पांढऱ्या पेशींचा. त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जीवाणूंना गिळून मारतात. त्या रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. म्हणून हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी नवे न्यूट्रोफिल तयार करीत असते. निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण २,००० ते ७,००० न्यूट्रोफिल असतात.

दुसरा तट आतड्याच्या अस्तराचा. हे अस्तर पसरले तर ३० ते ४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एका वर्गखोलीच्या जमिनीएवढे भरेल. पण त्याची जाडी फक्त एका पेशीची! त्यावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. अन्न आणि जंतू यांच्या सतत सहवासामुळे हे अस्तर झिजते, म्हणून दर तीन ते पाच दिवसांनी त्यातील पेशी नव्याने तयार होतात.

तिसरा तट म्हणजे आपण पाहिलेली जीवाणूंची वस्ती. पहिले दोन तट वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होते. तिसरा तट हा तट आहे, हे ओळखायला मात्र बराच काळ जावा लागला.

तट कसे ढासळतात?

रक्ताच्या कर्करोगात, विशेषतः ज्याला आपण ल्युकेमिया म्हणतो त्यात, अस्थिमज्जेतील अपक्व पेशी बेसुमार वाढतात. त्या गर्दीत निरोगी पेशी तयार होणे थांबत जाते. म्हणजे पहिला तट रोगानेच खिळखिळा होतो.

उपचारासाठी दिलेली औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागतात, म्हणून त्या मरतात. पण अस्थिमज्जेतील आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वेगानेच विभागत असतात. औषधाला आपपर कळत नाही. न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली, कधी १०० च्याही खाली जाते. त्याच सुमारास अस्तरावर व्रण पडतात. तोंड येते, गिळवत नाही, जुलाब होतात.

मूलपेशी-रोपणात तर हे अधिकच तीव्रतेने घडते. रोपणापूर्वी तीव्र औषधे, आणि काही वेळा किरणोपचार देऊन, रुग्णाची रोगट अस्थिमज्जा नष्ट करतात. मग दात्याच्या, किंवा आधी काढून ठेवलेल्या रुग्णाच्या स्वतःच्या, मूलपेशी रक्त चढवतात तशा शिरेवाटे देतात. या पेशी आपोआप अस्थिमज्जेत जाऊन रुजतात आणि नवे रक्त तयार करू लागतात. अमेरिकेतील ई. डॉनल थॉमस यांनी या उपचाराचे प्रयत्न १९५७ साली प्रसिद्ध केले आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील पहिले अस्थिमज्जा-रोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली एका लहान मुलीवर झाले.

पेरलेले बी उगवायला दिवस लागतात, तसे मूलपेशींनाही रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे आठवडे फार कठीण असतात. गेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ल्युकेमियाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवून दिले की, पांढऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी, तितका जंतुसंसर्गाचा धोका अधिक.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. अशा वेळी रक्तात शिरणारे जंतू पुष्कळदा बाहेरून आलेले नसतात. ते रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून, फाटलेल्या अस्तरातून, आत शिरलेले असतात. खोली कितीही स्वच्छ ठेवली तरी हा मार्ग बंद होत नाही.

घंटा एकच: ताप

तुमच्या बोटाला काटा रुतून जंतू गेले तर बोट सुजते, लाल होते, पू होतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. ज्याच्याजवळ पांढऱ्या पेशीच नाहीत त्याला पू कोठून होणार? म्हणून या रुग्णांत गंभीर संसर्ग असूनही खुणा दिसत नाहीत. बहुधा धोक्याची एकच घंटा वाजते, ती म्हणजे ताप.

पूर्वी ताप आला की रक्ताचा नमुना तपासायला पाठवून जंतू कोणता ते कळेपर्यंत थांबत. एवढ्या अवधीत काही रुग्ण दगावत. १९७१ साली अमेरिकेतील स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग दाखवला. जंतू कळण्याची वाट न पाहता, ताप येताच अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारी प्रतिजैविके सुरू करायची. या पद्धतीने असंख्य प्राण वाचले. आजही ताप येताच शक्य तर तासाभरात औषध सुरू करावे, हाच नियम आहे.

पण शिकागोचे उंदीर आठवा. अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे औषध आतड्यातील वस्तीवरही चालते. पहिला तट रोगाने पडला, दुसरा कर्करोगावरील उपचाराने पडला आणि आता तिसरा प्रतिजैविकाने पडतो. डॉक्टरांपुढील पेच तुमच्या ध्यानात आला असेल. औषध न द्यावे तर रुग्ण आज जातो; द्यावे तर उद्याच्या संकटाला वाट मोकळी होते. औषध द्यावेच लागते. प्रश्न उरतो तो कोणते, किती दिवस आणि पडलेल्या तटाचे पुढे काय करायचे, हा.

एक हट्टी जंतू

मोकळ्या झालेल्या जागेवर टपून बसलेला एक जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. २०१६ पासून त्याचे नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल असे झाले आहे. १९३५ साली आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओटूल यांनी तो प्रथम शोधला, तोही धडधाकट नवजात बाळांच्या विष्ठेत. प्रयोगशाळेत वाढवायला कठीण, म्हणून 'डिफिसिल'. बाळांना त्याचा काही त्रास होत नव्हता, त्यामुळे चाळीसएक वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

दरम्यान प्रतिजैविके घेतलेल्या काही रुग्णांना भयंकर जुलाब होत, मोठ्या आतड्याला सूज येई आणि त्यावर पिवळट पापुद्रे चढत. यामागे हाच जंतू आणि त्याचे विष आहे, हे १९७८ साली जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

प्रतिकूल काळात हा जंतू बीजाणूच्या रूपाने राहतो. बीजाणू म्हणजे जाड कवचातील झोपलेला जंतू. कोरडेपणा, उष्णता आणि अल्कोहोल यांना तो जुमानत नाही. तो गिळला गेला की आतड्यात पोचतो. तेथे यकृताने तयार केलेली मूळ पित्ताम्ले त्याला जागे करतात. मात्र वस्ती शाबूत असेल तर रूप बदललेली पित्ताम्ले त्याची वाढ रोखतात. आधी म्हटले होते ते उदाहरण हेच! न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१५ साली उंदीर आणि मूलपेशी-रोपणाचे रुग्ण या दोहोंचा अभ्यास करून दाखवले की, पित्ताम्लांचे रूप बदलणारा क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा जीवाणू या रोगापासून संरक्षण मिळण्याशी निगडित आहे. एकाच कुळातील समजले गेलेले दोन जीवाणू. एक चोर आणि दुसरा पहारेकरी!

प्रतिजैविकांनी पहारेकरी मेले की बीजाणू जागे होतात, वाढतात आणि दोन विषे सोडतात. या विषांमुळे अस्तरातील पेशींचा आतील सांगाडा कोसळतो आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. रक्ताच्या कर्करोगाच्या आणि रोपणाच्या रुग्णांना हा रोग इतर रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक होतो. त्यांना जुलाब होण्याची इतरही कारणे असतात: कर्करोगाची औषधे, विषाणू, किंवा दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या आतड्यावर केलेला हल्ला. शिवाय हा जंतू काहींच्या पोटात निरुपद्रवीपणे राहत असतो. म्हणून केवळ विष्ठेत जंतू सापडला म्हणजे निदान झाले, असे होत नाही. डॉक्टरांना सर्व लक्षणे एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो.

एकाच जातीचे राज्य

पडीक, उकरलेल्या जमिनीवर गाजरगवत कसे माजते ते तुम्ही पाहिले असेल. तसेच आतड्यातही होते. न्यूयॉर्कमध्ये यिंग तौर, एरिक पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९४ रोपण-रुग्णांच्या विष्ठेचे नमुने वेळोवेळी तपासले आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचाराच्या काळात जीवाणूंच्या जाती घटत गेल्या. काही रुग्णांत एकाच गटाचे प्रमाण ३० टक्क्यांवर जाऊन त्याचे 'राज्य' झाले. जेथे एंटेरोकॉकस या जीवाणूचे राज्य झाले, तेथे व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकॉकस पुढे रक्तात सापडण्याचा धोका नऊपट होता. एश्चेरिशिया आणि क्लेबसिएला ज्या गटात मोडतात त्या गटाचे राज्य झाले, तेथे त्या प्रकारच्या जंतूंचा रक्तसंसर्ग होण्याचा धोका पाचपट होता. विनॉक्सी जीवाणू मारणारे मेट्रोनिडॅझोल ज्यांना दिले होते, त्यांच्यात एंटेरोकॉकसचे राज्य येण्याची शक्यता तिप्पट आढळली. आधी आतड्यात राज्य, मग रक्तावर स्वारी, असा हा क्रम आहे.

पुढे २०२० साली याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क व डरहॅम, जर्मनीतील रेगेन्सबुर्ग आणि जपानमधील साप्पोरो या चार ठिकाणच्या १,३६२ रुग्णांचे ८,७६७ नमुने त्यात तपासले होते. न्यूयॉर्कच्या रुग्णांत जीवाणूंची विविधता अधिक असलेल्या ३५४ जणांपैकी १०४ दगावले. विविधता कमी असलेल्या ३५० जणांपैकी १३६ दगावले. देश वेगळे, आहार वेगळा, तरी वस्ती ओसाड होण्याची रीत चारही ठिकाणी सारखीच होती.

येथे थोडे थांबून विचार करा. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते काय? पावसाळ्यात रस्त्यावर छत्र्या वाढतात आणि डबक्यांत बेडूक ओरडतात. पण छत्र्यांमुळे बेडूक ओरडत नाहीत. कदाचित जे रुग्ण आधीच अधिक आजारी होते त्यांनाच अधिक औषधे दिली गेली असतील आणि म्हणून त्यांची वस्ती उजाड झाली असेल. हा फरक ओळखायचा तर वस्ती परत वसवून पाहायला हवी.

तट पुन्हा बांधता येईल काय?

एकेकाळी डॉक्टरांचा विचार नेमका उलटा होता. आतडे हेच संसर्गाचे मूळ, तर ते पूर्ण निर्जंतुक करावे, असे १९६० व १९७० च्या दशकांत अनेकांना वाटे. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर रोपण केले तर दात्याच्या पेशींचा हल्ला सौम्य होतो, असे प्रयोगांत दिसलेही होते. म्हणून रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवून भरपूर प्रतिजैविके पाजत. पण माणूस म्हणजे जन्मापासून जंतुविरहित ठेवलेला उंदीर नव्हे. आतडे पूर्ण निर्जंतुक राखणे फार अवघड ठरले, आणि औषधांना दाद न देणारे जंतू मोकळ्या जागेत शिरण्याची भीती राहिलीच.

दुसरी वाट १९५८ सालीच कोणीतरी चोखाळली होती. अमेरिकेतील डेन्व्हर येथे बेन आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या तीव्र दाहाने मरणाच्या दारी असलेल्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा बस्ती दिला आणि ते बरे झाले. किळस वाटली ना? पण विरजणाचाच हा प्रकार आहे. २०१३ साली ॲमस्टरडॅम येथील नियोजनबद्ध चाचणीचे निष्कर्ष आले. डिफिसिलचा रोग वारंवार उलटलेल्या १६ रुग्णांना निरोगी दात्याच्या विष्ठेचे द्रावण दिले. त्यांतील १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या १३ पैकी फक्त चौघे बरे झाले होते.

मग हा उपाय कर्करोगाच्या रुग्णांना सरसकट का देऊ नये? कारण ज्याचे पहिले दोन तट पडलेले आहेत, त्याला परका जीवाणू घातक ठरू शकतो. २०१९ साली अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेपासून केलेल्या कॅप्सूल दिलेल्या दोन रुग्णांना औषधांना दाद न देणाऱ्या एश्चेरिशिया कोलायचा रक्तसंसर्ग झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील एक, ज्याचे मूलपेशी-रोपण झाले होते, तो दगावला. दात्याची त्या विशिष्ट जंतूसाठी तपासणी झालेली नव्हती. तेव्हापासून दात्यांची तपासणी कडक झाली. २०२२ आणि २०२३ साली अमेरिकेत, तपासलेल्या दात्यांच्या विष्ठेपासून तयार केलेल्या दोन औषधांना, डिफिसिलचा रोग पुन्हा उलटू नये यासाठी, मान्यता मिळाली.

आणखी एक सुंदर कल्पना आहे. शेतकरी पीक हाती येताच पुढच्या वर्षासाठी बियाणे राखून ठेवतो. त्याप्रमाणे रोपणापूर्वी रुग्णाची स्वतःचीच विष्ठा गोठवून ठेवायची आणि नव्या पेशी रुजल्यावर ती परत द्यायची. न्यूयॉर्कमध्ये २५ रुग्णांवर हा प्रयोग झाला. चौदा जणांना स्वतःची विष्ठा परत दिली, अकरा जणांना दिली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या चौदा जणांतील वस्ती पुन्हा पूर्वीच्या वळणावर आली. त्यामुळे अधिक प्राण वाचतात काय, हे ठरवायला एवढा लहान प्रयोग पुरत नाही. पण पडलेला तट पुन्हा उभारता येतो, एवढे त्यातून दिसले.

आपण काय करावे?

तुमच्या नात्यात किंवा शेजारी असा रुग्ण असेल तर काही गोष्टी पाळा. सर्दी, खोकला किंवा जुलाब होत असतील तर त्याला भेटायला जाऊ नका. जाताना आणि परत आल्यावर हात साबण आणि वाहत्या पाण्याने चोळून धुवा. बाटलीतील अल्कोहोलचे द्रावण पुष्कळ जंतू मारते, पण डिफिसिलचे बीजाणू मारत नाही. साबण-पाण्याने ते हातावरून निघून जातात. 'पोटाला चांगले' म्हणून घरचे दही, ताक किंवा जीवाणूंच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आपल्याला मानवणारे हे जीवाणूही, अस्तर फाटलेले असताना, क्वचित रक्तात शिरल्याची उदाहरणे आहेत. आणि या रुग्णाला ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका. घरातील मोठ्यांना लगेच सांगा. ताप ही त्याच्याजवळची एकच घंटा आहे, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या पोटाची. आपल्या देशात अनेक रुग्ण कर्करोगाच्या उपचाराला येतात तेव्हाच त्यांच्या आतड्यात, शेवटचा आधार समजल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांनाही दाद न देणारे क्लेबसिएला किंवा एश्चेरिशिया कोलाय ठाण मांडून असतात. अशा रुग्णाला ताप आला तर डॉक्टरांच्या हातात फारच थोडी औषधे उरतात. हे जंतू एका दिवसात असे झाले नाहीत. साध्या सर्दीला, दोन दिवसांच्या जुलाबाला, दुकानातून मागून आणलेल्या गोळ्यांनी, अर्धवट सोडलेल्या औषधांनी आणि उघड्या सांडपाण्याने ते घडत आणि पसरत गेले. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. पण ती गोळी तुमच्या तिसऱ्या तटाचे काही चिरे मात्र नक्की पाडते, आणि तेथे वाढलेला दाद न देणारा जंतू कोणाच्या हातून, कोणाच्या पाण्यातून कोठे जाईल याचा नेम नसतो.

तुमचे तिन्ही तट आज शाबूत आहेत. ज्याचे दोन तट पडले आहेत, त्याचा तिसरा तट वाचवणे काही अंशी आपल्याही हाती आहे. तेव्हा पुढच्या वेळी सर्दी झाली आणि कोणी म्हणाले, "घे एक अँटिबायॉटिक, बरे वाटेल", तर त्यांना शिकागोच्या उंदरांची गोष्ट सांगा.